उरणाऱ्या श्वासाचा हिशेब

आमच्या गंगाखेडकडील कुणा कामगाराला फुप्फुसाचा कर्करोग निघाला, की मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे नाव निघते. 1941 साली परळला सुरू झालेली ही संस्था सर्वांना ठाऊक आहे. गाठ काढण्याजोगी आहे असे ठरले, तरी रोग्याला आधी एका नळीत फुंकायला लावतात. गाठ दिसते आहे, मग ही फुंकणी कशाला, असे नातेवाईक विचारतात.

प्रश्न रास्त आहे. क्ष-किरणाने गाठ दिसते. कापल्यावर किती श्वास उरेल ते दिसत नाही. 1933 साली अमेरिकेत एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी कर्करोगासाठी अख्खे फुप्फुस काढले व रोगी जगला. पण बिडीने झिजलेल्या प्रत्येक छातीला ते झेपेलच असे नाही.

छाती भरून घेतलेला श्वास जोराने सोडला, की पहिल्या सेकंदात किती हवा निघाली ते यंत्र मोजते. पुढचा हिशेब शेताच्या वाटणीसारखा. दोन्ही फुप्फुसांचे मिळून 19 भाग धरतात, उजवीकडे 10 व डावीकडे 9. समजा, हवा 2 लिटर भरली. उजवीकडची वरची पाळी, म्हणजे 3 भाग, काढली तर सुमारे 1.7 लिटर उरेल. अख्खे उजवे काढले तर 1 लिटरही नाही. त्याच्या वयाच्या व उंचीच्या निरोगी माणसाचे 3 लिटर धरले, तर पहिली शिल्लक निम्म्याहून अधिक, दुसरी तिसऱ्या हिश्श्याहून कमी. हवेतला वायू रक्तात किती उतरतो, हेही असेच मोजतात.

दोन्ही शिलका 60 टक्क्यांवर असल्या तर सहसा अडत नाही. एखादी 30 ते 60 मध्ये असली, तर जिना चढवून पाहतात. 22 मीटर, म्हणजे सहा-सात मजले. ही परीक्षा आम्हांला फार पटते. पोती वाहणाऱ्याला ती समजावून सांगावी लागत नाही. तिथे दमला, किंवा शिलकच 30 च्या खाली असली, तर तोंडाला मुखवटा लावून सायकल चालवायला देतात व शरीर किती प्राणवायू वापरते ते मोजतात. शस्त्रक्रिया झेपणार नाही असेच ठरले, तरी किरणोपचाराचा विचार होतो.

मात्र लाजत, अर्धवट फुंकले तर आकडा खोटाच कमी येतो, आणि तोच शस्त्रक्रियेच्या आड येऊ शकतो. तंत्रज्ञ "अजून, अजून" म्हणून ओरडतो तो त्यासाठी. ते मुकादमाचे ओरडणे नव्हे. बिडी त्याच दिवशी सोडावी. आजवर किती ओढल्या हे डॉक्टरांना खरे सांगावे. घरच्यांदेखत जमत नसेल, तर त्यांना घटकाभर बाहेर बसवावे.