एकाच संघाचे सहा गडी

संध्याकाळी रोकड जुळली, तिजोरीला दोन्ही किल्ल्या लागल्या आणि शटर अर्ध्यावर आले, की शाखेतील दिवस संपला, असा ग्राहकांचा समज असतो. तो बहुतांशी खराही असतो. परंतु २०२० सालच्या नोव्हेंबर महिन्यात, भाऊबीज आटोपल्यानंतर दोन दिवसांनी, आमच्या जबलपूरच्या शाखेत शटर खाली आल्यावर आठ माणसे मुखपट्ट्या लावून आणि खुर्च्यांत अंतर राखून पुन्हा बसली. टेबलावर होते कागदाच्या आठ चिठ्ठ्या, एक जुने लेजर आणि इंडियन सुपर लीगच्या अकरा संघांची यादी. आम्ही फुटबॉलचे खेळाडू वाटून घेणार होतो.

ज्या वाचकांना हा प्रकार ठाऊक नसेल, त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. फँटसी फुटबॉलमध्ये आपण मैदानावर उतरत नाही. प्रत्यक्ष लीगमधील खेळाडू निवडून आपण आपला काल्पनिक संघ बांधतो आणि ते खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या खात्यात जमा होतात. इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेन्स्टाइन यांनी १९९१ साली या खेळाची लीग सुरू केली, तेव्हा सारा हिशेब हातानेच होत असे. आता तो संगणकावर होतो. ड्राफ्ट हा त्यातील अधिक रंगतदार प्रकार. त्यात एक खेळाडू एकाच स्पर्धकाकडे जाऊ शकतो. चिठ्ठीने क्रम ठरतो. पहिल्या फेरीत जो शेवटचा, तो दुसऱ्या फेरीत पहिला. म्हणजे आठव्या क्रमांकाची चिठ्ठी निघालेल्याला आठवा आणि नववा असे दोन खेळाडू लागोपाठ मिळतात.

गुणांची पद्धत आम्ही इंग्लंडच्या प्रसिद्ध खेळावरून उचलली होती. आघाडीपटूच्या गोलला चार, मध्यरक्षकाच्या गोलला पाच, बचावपटूच्या गोलला सहा; गोलसाहाय्याला तीन. संघाने एकही गोल होऊ दिला नाही, तर त्याच्या गोलरक्षकाला आणि प्रत्येक बचावपटूला चार. लाल कार्ड मिळाले तर तीन वजा. एक नियम मात्र आम्ही घेतला नाही. त्या इंग्लिश खेळात १५ जणांच्या चमूत एका क्लबचे तीनच खेळाडू घेता येतात. आम्ही ही मर्यादा ठेवली नाही, आणि पुढे जे घडले ते त्यामुळेच घडले.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला त्या मर्यादेचे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. १५ पैकी ३ म्हणजे २० टक्के. रिझर्व्ह बँकेची मोठ्या कर्जजोखमीविषयीची जी चौकट १ एप्रिल २०१९ पासून लागू झाली, तिच्यानुसार कोणत्याही एका कर्जदाराकडील बँकेची जोखीम तिच्या पात्र भांडवलाच्या सर्वसाधारणपणे २० टक्क्यांहून अधिक असू नये, अशी अट आहे. परस्परसंबद्ध कर्जदारांच्या गटासाठी ती २५ टक्के. आकड्यांचे हे साम्य केवळ योगायोगाचे. परंतु त्यामागील विचार एकच आहे. एक बुडाला की त्याच्याबरोबर आणखी किती बुडतील, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

माझी चिठ्ठी पहिली निघाली. मी रॉय कृष्णा घेतला. आदल्या हंगामात त्याने पंधरा गोल केले होते. सुरक्षित तारण म्हणावे असा खेळाडू. त्यानंतरच्या प्रत्येक फेरीत मी शक्यतो निराळ्या क्लबचा खेळाडू घेत गेलो. माझ्या अकरा जणांत नऊ क्लब होते, आणि त्याचा मला थोडासा अभिमानही वाटत होता. तिसऱ्या क्रमांकावर कुणीतरी ह्यूगो बूमूस नेला. आमचे मुख्य रोखपाल, ज्यांना सारी शाखा ‘काका’ म्हणते, त्यांनी एफसी गोवाचा नवा स्पॅनिश आघाडीपटू इगोर अँगुलो घेतला.

आठवी चिठ्ठी आमच्या सर्वांत धाकट्या लिपिकाची होती. त्याने दोन नावे लागोपाठ उच्चारली. मूर्तदा फाल आणि अहमद जाहू.

सगळे हसले. फाल हा सेनेगलचा उंचापुरा बचावपटू, जाहू हा मोरोक्कोचा मध्यरक्षक, बचावफळीच्या पुढे उभा राहून चेंडू वाटणारा. पहिल्या दोन संधी अशा माणसांवर कोण घालवतो? पुन्हा त्याची पाळी आली तेव्हा, म्हणजे चोविसावा आणि पंचविसावा खेळाडू म्हणून, त्याने मंदार राव देसाई आणि गोलरक्षक अमरिंदर सिंग घेतले. चाळीस आणि एकेचाळिसाव्याला अ‍ॅडम ले फाँड्र आणि बिपिन सिंग. अकरांपैकी सहा जण एकट्या मुंबई सिटीचे.

मला राहवले नाही. “अरे, सगळी ठेव एकाच संस्थेत ठेवतोस होय?”

“साहेब,” तो म्हणाला, “ही संस्था नवी नाही. फक्त पाटी बदललीय.”

त्याचे म्हणणे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. एफसी गोवा संघ सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखाली तीन हंगाम अत्यंत देखणे फुटबॉल खेळला. २०१९-२० मध्ये त्या संघाने साखळीतील १८ सामन्यांत ४६ गोल केले आणि अग्रस्थान पटकावले. मात्र साखळी संपण्यापूर्वीच लोबेरा यांना जावे लागले. तिकडे मुंबई सिटीची मालकी नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालक-समूहाने घेतली होती. २०२० मध्ये लोबेरा मुंबईत आले आणि त्यांच्यापाठोपाठ बूमूस, जाहू, फाल आणि गोव्याचाच भूमिपुत्र मंदार राव देसाई हेही आले. मंदार हा मूळचा डाव्या बगलेवरून चढाई करणारा. लोबेरा यांनीच त्याला बचावात खेळवून डाव्या बाजूचा मालक केले होते. या मंडळींना एकमेकांच्या सवयी पाठ होत्या. जाहूने फ्री किक उचलावी आणि फालने सर्वांच्या डोक्यावरून उडी घेऊन डोके लावावे, हे गोव्याच्या प्रेक्षकांनी कितीदा तरी पाहिले होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे परस्परसंबद्ध कर्जदार. आमच्या धाकट्या सहकाऱ्याने तो संबंध हेरला होता. मी फक्त क्लबांची नावे मोजत बसलो होतो.

काकांना मात्र त्याचे पटले. ते जबलपूरचे जुने रहिवासी, आणि हॉकी हा त्यांचा प्राण. “अहो साहेब, आपल्या जबलपुरात जन्मलेला रूपसिंग आठवा. १९३२ चं लॉस एंजलिस ऑलिंपिक. अमेरिकेविरुद्ध चोवीस गोल. त्यातले दहा रूपसिंगचे, आठ ध्यानचंदचे. चोविसातले अठरा एकाच घरातले! तुमच्या नियमानं एकच भाऊ घेतला असता, तर दुसऱ्याचे गोल कुणाच्या खात्यात गेले असते?”

हंगाम २० नोव्हेंबरला सुरू झाला. महामारीमुळे सर्व सामने गोव्यातच, प्रेक्षकांविना. दुसऱ्याच दिवशी मुंबई सिटीची गाठ नॉर्थईस्ट युनायटेडशी पडली. मध्यंतरापूर्वीच जाहूला लाल कार्ड मिळाले. मुंबई एका पेनल्टी गोलने हरली. म्हणजे जाहूचे तीन वजा, गोल झाल्यामुळे फाल, मंदार आणि अमरिंदर यांचे चार-चार गेले, पुढच्या फळीचा गोल नाही. सोमवारी सकाळी लेजरमध्ये त्याचे नाव आठवे होते. एकत्रित जोखीम कशी कोसळते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला वर्गात शिकवता आले नसते, आणि मी ते त्याला ऐकवलेही. आज वाटते, तेवढी घाई करायला नको होती.

कारण २५ नोव्हेंबरला मुंबईने गोव्याला अखेरच्या क्षणी ले फाँड्रच्या पेनल्टीवर हरवले आणि तेथून संघ बारा सामने हरलाच नाही. एका क्लीन शीटमागे आमच्या सहकाऱ्याच्या खात्यात बारा गुण एकदम पडत. फेब्रुवारीच्या अखेरीस बिपिनने ओडिशाविरुद्ध तीन गोल ठोकले. साखळीचा शेवटचा सामना, २८ फेब्रुवारी २०२१, एटीके मोहन बागानविरुद्ध. अग्रस्थान त्यावरच ठरणार होते. मुंबईने तो २-० असा जिंकला, आणि पहिला गोल फालचा. बचावपटूच्या गोलचे सहा, वर तिघांच्या क्लीन शीटचे बारा. रॉय कृष्णा त्या दिवशी समोरच्या संघात होता. मी काय मोजत होतो ते सांगण्याची गरज नाही. पुढे उपांत्य फेरीत गोव्यालाच पेनल्टीवर हरवून आणि १३ मार्चच्या अंतिम सामन्यात बिपिनच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलवर मुंबईने चषकही उचलला. आमचा धाकटा सहकारी पहिला आला. मी चौथा.

पैज पैशांची नव्हती. हरलेल्यांनी मिळून कमानिया गेटजवळची खव्याची जिलबी आणायची, एवढेच. हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे, आणि ते त्याच्या परवानगीने लिहीत आहे. त्या टाळेबंदीच्या काळात तो एका मोबाइल खेळात पैसे लावून असेच संघ बांधत होता आणि वर्षभरात एकाहत्तर हजार रुपये घालवून बसला होता. त्यासाठी घेतलेल्या वैयक्तिक कर्जाचा हप्ता पगारातून कापला जाई. घरी आईला हे माहीत नव्हते. काकांना ते प्रथम कळले. “त्याचा खेळ सोडवता येणार नाही, पैसे सोडवता येतील,” असे म्हणून हा ड्राफ्ट त्यांनीच सुचवला होता.

जिलबी खाताना मी त्याला विचारले, की एवढा खेळ समजतो तर तिकडे पैसे का गेले? त्याचे उत्तर मला आजही विचार करण्याजोगे वाटते. “साहेब, तुम्ही कर्ज देताना एकही हप्ता बुडू नये हे पाहता. म्हणून तुम्ही नऊ क्लब घेतले आणि चौथे आलात. पहिलं यायचं असेल तर एका संघावर सगळं लावावंच लागतं. इथं आपण आठ जण. आठ वर्षांत एकदा तरी नंबर लागेल. तिथं लाखो जण, आणि सगळे तेच करतात. एकाचा लागतो.” शिवाय प्रवेशशुल्कातील एक वाटा संयोजक आधीच काढून घेतो, ही गोष्ट त्याने बोटावर मोजून दाखवली. पोर्टफोलिओच्या सिद्धांतात मी एम.कॉम.ला बरे गुण मिळवले होते. पण सिद्धांत सरासरी परतावा आणि चढउतार यांविषयी बोलतो. ज्या स्पर्धेत फक्त पहिल्याला बक्षीस आहे तेथे चढउतार हाच माल असतो, हे मला त्या दिवशी उमगले. घरखर्चाच्या पैशाला कोणत्या शर्यतीत पहिले यायचे असते?

पुढे ऑनलाइन पैशांच्या खेळांना प्रतिबंध करणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. अशा खेळांसाठीचे व्यवहार पार पाडण्यास बँकांनाही त्यात मनाई आहे. त्या आठवड्यात त्याच्याकडे हसून पाहिले, तर तो म्हणाला, “मला उशिरा आला, साहेब.” त्याच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०२३ च्या मार्चमध्ये गेला होता, ना-देय प्रमाणपत्र त्याने स्वतःच टंकित करून माझ्यापुढे सहीला ठेवले होते.

काका आता निवृत्त झाले आहेत. शाखेच्या ड्राफ्टला मात्र येतात, आणि दरवेळी अट घालतात की एका क्लबचे तीनच खेळाडू असा नियम करू नये. मी तो नियम दोनदा मांडला. दोन्ही वेळा सात विरुद्ध एक मतांनी तो फेटाळला गेला.