पॅनेलमधला कारभारी : पीएलसी

भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली. यांपैकी कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखान्यात स्वयंचलित यंत्राशेजारी एक पॅनेल उभं असतं. दार उघडलं की कॉन्टॅक्टर आणि वायरींच्या गर्दीत लुकलुकणाऱ्या दिव्यांचा एक छोटा डबा दिसतो. तो पीएलसी, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. यंत्राने कधी काय करायचं, हे तो ठरवतो.

त्याचा जन्म मोटारींच्या कारखान्याच्या गरजेतून झाला. पूर्वी हे काम रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचांनी, भरलेली कपाटं करत. मोटारीचं मॉडेल बदललं की सगळं वायरिंग नव्याने करावं लागे. 1968 मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने याला पर्याय मागितला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बेडफर्ड असोसिएट्समध्ये डिक मोर्ली आणि त्यांचे सहकारी अशाच यंत्रावर काम करत होते. त्यातून ‘मोडिकॉन 084’ तयार झालं. कंपनीचा तो चौऱ्याऐंशिवा प्रकल्प, म्हणून हा आकडा. या पीएलसींचा प्रोग्रॅम लॅडरमध्ये, म्हणजे रिलेच्या आकृतीसारखाच लिहिता येऊ लागला. त्यामुळे इलेक्ट्रिशियनला तो वाचता आला, आणि पीएलसी कारखान्यांत रुजला.

ड्रिलिंगच्या एखाद्या एसपीएमवर, म्हणजे एकाच कामासाठी बनवलेल्या खास यंत्रावर, त्याचं काम जवळून पाहता येतं. कामगार जॉब बसवून दोन्ही हातांनी बटणं दाबतो. क्लॅम्प आवळला जातो, प्रॉक्सचा, म्हणजे प्रॉक्सिमिटी सेन्सरचा, इवलासा दिवा लागतो आणि 24 व्होल्टचा सिग्नल पीएलसीच्या इनपुटवर पोहोचतो. पीएलसी सगळे इनपुट वाचतो, प्रोग्रॅम तपासतो, आउटपुट देतो आणि पुन्हा वाचायला लागतो. ही फेरी काही मिलिसेकंदांत पुरी होते. क्लॅम्पची खात्री पटल्याशिवाय स्पिंडल खाली येत नाही.

असं यंत्र अडलं की मालकाच्या मनात पहिला विचार नव्या यंत्राचा येतो. पण पुष्कळदा दोष डब्याबाहेर असतो. प्रॉक्सच्या तोंडावर चिप्स साचतात, टर्मिनलमधली वायर सैल होते, ड्राइव्हची पॉवर केबल आणि सेन्सरची केबल एकाच डक्टमधून गेल्याने खोटे सिग्नल येतात. केबली वेगळ्या करणं, सेन्सरला आडोसा देणं, वायरींना फेरूल आणि नंबर लावणं ही कामं फार खर्चाची नाहीत. सुधारणेची सुरुवात इथूनच करावी.

पुढची पायरी नोंदींची. यंत्र किती वेळ थांबलं आणि कशामुळे, हे पीएलसीला मोजता येतं. मोडिकॉन कंपनीनेच 1979 मध्ये आणलेली मॉडबस ही संपर्काची पद्धत आजही अनेक ड्राइव्ह, ऊर्जा मीटर आणि तापमान नियंत्रकांत असते. सिग्नलच्या दोन वायरींवर ही उपकरणं एकमेकांशी जोडता येतात. थांबण्याची कारणं महिनाभर नोंदवली, तर पैसा कुठे घालायचा हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

एका बाबतीत मात्र काटकसर नको. इमर्जन्सी स्टॉप साध्या पीएलसीच्या भरवशावर सोडू नये. त्यासाठी स्वतंत्र सेफ्टी रिले आणि थेट वायरिंग हवं. हाताची बोटं उत्पादनापेक्षा मोलाची आहेत.

लहान कारखान्यांची सगळ्यात मोठी अडचण प्रोग्रॅमच्या मालकीची आहे. यंत्र आपलं, पण पासवर्ड पुरवठादाराकडे. तो फोन उचलेपर्यंत शिफ्ट वाया जाते. काही जुन्या पीएलसींत प्रोग्रॅम बॅटरीच्या आधारावर टिकतो. बॅटरी संपली आणि बॅकअप नसला, तर चालतं यंत्र मुकं होतं.

म्हणून नव्या यंत्राच्या ऑर्डरमध्येच चार गोष्टी लिहून घ्या : टिपांसह मूळ प्रोग्रॅम, पासवर्ड, इनपुट-आउटपुटची यादी आणि अद्ययावत वायरिंग ड्रॉइंग. प्रोग्रॅम बदलला की बॅकअपही बदला. आणि मेंटेनन्सच्या एका तरी माणसाला लॅडर वाचायला शिकवा. आपल्या यंत्राचा प्रोग्रॅम ज्या कारखान्यात वाचता येतो, तिथलंच ऑटोमेशन खऱ्या अर्थाने त्या कारखान्याचं असतं.