आरशातला चेहरा आणि मनातले वय

निरोप समारंभ संपला की शिक्षकांचा एकत्र फोटो काढला जातो. चार दिवसांनी त्याची प्रत स्टाफरूममध्ये येते आणि तोच संवाद आम्हाला दर वर्षी ऐकू येतो. निवृत्त होणाऱ्या बाई म्हणतात, "अगोबाई, ही मी? किती म्हातारी दिसतेय!" बाकीचे म्हणतात, "काय हो बाई, अगदी तुमच्यासारखा आलाय फोटो!" दोघेही मनापासून बोलत असतात. मग मतभेद कशाचा?

उत्तराचा थोडा भाग कॅमेऱ्यात आहे, मोठा भाग मनात. केसांना कलप लावणे आपल्याकडे जुनेच. आता सुरकुत्या घालवणारी मलमे, चेहऱ्यावरची इंजेक्शने आणि शस्त्रक्रिया यांच्या जाहिराती लहान शहरांतही दिसतात. या उपचारांनी कातडीचे काय होते हे डॉक्टर सांगतील. मनाचे काय होते, हे आपण पाहू.

स्वतःचा चेहरा आपल्याला कितपत ठाऊक असतो?

आपण स्वतःला पाहतो ते आरशात. आरशात डावे-उजवे उलट दिसते. कोणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. भांग एका बाजूला असतो, एक भुवई किंचित वर असते. म्हणजे आपल्या ओळखीचा आपला चेहरा आणि जगाच्या ओळखीचा आपला चेहरा, हे दोन वेगळे चेहरे आहेत.

१९७७ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात मिता, डर्मर आणि नाइट या मानसशास्त्रज्ञांनी याचा एक साधा प्रयोग केला. विद्यार्थिनींचे फोटो काढून त्यांच्या दोन प्रती केल्या : एक सरळ, एक उलटी. कोणती प्रत आवडली असे विचारल्यावर विद्यार्थिनींचा कल उलट्या, म्हणजे आरशासारख्या प्रतीकडे होता, तर त्यांच्या जवळच्या मित्रमैत्रिणींचा कल सरळ प्रतीकडे. एकच चेहरा, पण जो ज्याच्या सवयीचा तो त्याला बरा वाटला. वारंवार पाहिलेली गोष्ट अधिक आवडू लागते, हे रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्येच मांडले होते. बाईंच्या तक्रारीत सुरकुत्यांबरोबर या अनोळखीपणाचाही वाटा असावा.

नसलेला व्रण

आता याहून विलक्षण प्रयोग पाहा. १९८० साली क्लेक आणि स्ट्रेंटा यांनी काही व्यक्तींच्या गालावर रंगभूषेने एक ठळक व्रण रंगवला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग 'रंग तडकू नये म्हणून जरा मलम लावतो' असे म्हणत तो व्रण गुपचूप पुसून टाकला! या व्यक्तींना त्याचा पत्ताच नव्हता. त्याच स्थितीत त्या एका अनोळखी माणसाशी बोलायला गेल्या. परत आल्यावर त्यांनी सांगितले की समोरचा अवघडला होता, त्याची नजर वेगळी होती आणि याचे कारण व्रण. पण व्रण तर नव्हताच.

असे का झाले? माणूस बोलताना सहजच इकडेतिकडे पाहतो, मध्येच थांबतो, सावरून बसतो. एरवी आपण याची दखल घेत नाही. पण 'आपल्यात खोट आहे' असे मनाने धरले की त्याच हालचालींना अर्थ चिकटू लागतो. पांढऱ्या केसांचे वा डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांचे असेच होत नसेल ना?

शिवाय लोक आपल्याकडे आपल्याला वाटते तेवढे पाहतही नाहीत. कॉर्नेल विद्यापीठात गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना ओशाळवाणे वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवले. निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल, असा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आले होते. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झाले.

मग उपचार निरुपयोगी का?

तसे म्हणणे घाईचे होईल. मराठीत 'नाक कापले जाणे' म्हणजे अब्रू जाणे. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेची हकिगत छापून आली. इंग्रजी फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या माणसाचे नाक टिपूच्या सैनिकांनी कापले होते. कपाळाची कातडी खाली वळवून इथल्या कारागिराने ते पुन्हा घडवले. ही हकिगत वाचून युरोपातील शल्यविशारदांनी ती पद्धत उचलली. चेहरा परत मिळणे म्हणजे चारचौघांत वावरण्याचे धैर्य परत मिळणे, हे कावसजीला पटवून द्यावे लागले नसते.

प्रश्न आहे तो शाबूत चेहरा तरुण दिसावा म्हणून केलेल्या उपचारांचा. उदाहरणार्थ, बोट्युलिनम नावाचे जिवाणूंपासून मिळणारे विष अत्यल्प मात्रेत कपाळाच्या स्नायूंत टोचतात. मज्जातंतूंकडून स्नायूला जाणारा रासायनिक निरोप त्यामुळे अडतो. स्नायू आकसत नाही आणि आठी पडत नाही. तीन-चार महिन्यांत परिणाम ओसरतो आणि पुन्हा टोचून घ्यावे लागते.

अशा उपचारांनी माणूस सुखी होतो का? दोन अभ्यास पाहू. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील अभ्यासात सौंदर्यशस्त्रक्रिया करून घेतलेल्या ५४४ जणांची तुलना, तशी इच्छा असूनही ती न करणाऱ्यांशी केली गेली. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया केलेल्यांचे समाधान आणि आत्मविश्वास सरासरीने अधिक होता. याउलट नॉर्वेत सुमारे १६०० मुलींची तेरा वर्षे पाहणी झाली. पुढे शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांमध्ये नैराश्य आणि चिंता आधीपासूनच जास्त होती आणि नंतरही ती कमी झाली नाही, उलट वाढली.

कोणता निष्कर्ष खरा? दोन्ही. एक अभ्यास एका वर्षाचा, दुसरा तेरा वर्षांचा. दोन्हींतील माणसे वेगळी. शिवाय कोणी शस्त्रक्रिया करावी हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, तेव्हा कारण आणि परिणाम वेगळे काढणे कठीण. वरिष्ठ वर्गातील विद्यार्थ्यांना पुरावा कसा वाचावा हे शिकवण्यासाठी ही जोडी उत्तम आहे. तज्ज्ञांचा अनुभव मात्र असा, की 'ही आठी कमी व्हावी' एवढीच अपेक्षा असणारा बहुधा समाधानी होतो, आणि 'मग घरचे मला मान देतील' अशी अपेक्षा असणारा निराश होतो.

एक धोक्याची खूण शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावी. काही जणांना, शंभरात सुमारे दोघांना, इतरांना न दिसणारे किंवा अगदी किरकोळ वाटणारे व्यंग सतत छळते. सुरुवात बहुधा किशोरवयात होते. तासन्‌तास आरसा पाहणे, चेहरा झाकणे, शाळा टाळणे ही त्याची लक्षणे. हे नखरे नव्हेत, हा आजार आहे. सौंदर्योपचारांनी तो सहसा बरा होत नाही. मानसोपचाराने त्यात चांगली सुधारणा होते.

वय मोजायचे कशाने?

आता मूळ मुद्दा. आपण वार्धक्याला घाबरतो, कारण त्याचे एक चित्र लहानपणीच मनात ठसलेले असते. ओहायो राज्यातील एका गावात १९७५ पासून पन्नाशी ओलांडलेल्यांची पाहणी सुरू झाली. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी त्यातील ६६० जणांची माहिती तपासली आणि निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध केले. स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगले होते. वय, आर्थिक स्थिती, एकटेपणा आणि शारीरिक क्षमता हिशेबात घेऊनही फरक उरला. केवळ विचारांनीच आयुष्य वाढले, असे यावरून सिद्ध होत नाही. पण 'आता काय उरले' म्हणणारा फिरायला जात नाही, औषध टाळतो, हे आपण घरोघरी पाहतोच.

आपल्याकडे सहज म्हटले जाते, 'साठी बुद्धी नाठी'. सिॲटल येथे १९५६ पासून एकाच माणसांना वर्षानुवर्षे तपासणाऱ्या अभ्यासाने काय दाखवले? झटपट आकडेमोडीसारख्या कामांचा वेग उतरतो हे खरे. पण शब्दज्ञान आणि भाषेची समज साठीपर्यंत बहुतेकांची टिकून राहते, आणि पुढेही माणसामाणसांत मोठा फरक असतो. म्हणजे म्हण निम्मीही खरी नाही. तरी ती आपण मुलांसमोर उच्चारतो. पन्नास वर्षांनी तीच मुले ती स्वतःला लावून घेणार असतात.

वर्गात करून पाहा

१. प्रत्येकाने स्वतःचा समोरून काढलेला फोटो आणि त्याची उलटी प्रत आणावी. स्वतःला कोणती आवडते, मित्राला कोणती, याची नोंद करून तक्ता करा. फोटो द्यायचा नसेल त्याला आग्रह करू नका.

२. 'म्हातारपण' हा शब्द ऐकताच मनात येणारे पाच शब्द लिहायला सांगा. मग घरातील आजी-आजोबांबद्दल पाच शब्द लिहायला सांगा. दोन याद्या शेजारी ठेवा आणि चर्चा मुलांनाच करू द्या.

कलप लावावा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. लावणाऱ्याने प्रथम कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहावी, कारण काहींना त्याची तीव्र ॲलर्जी असते. न लावणाऱ्याने लावणाऱ्याला हसू नये. आमचे म्हणणे इतकेच, की आरशापुढे उभे राहताना कोणाच्या नजरेने पाहतो आहोत, हे एकदा स्वतःला विचारावे.

आणि पुढच्या निरोप समारंभाचा फोटो आला, की बाईंना त्याची उलटी प्रतही काढून द्यावी. बहुधा ती त्यांना आवडेल!