पोटातील दुर्बीण आणि काचेवरचे धुके

पित्ताशयातील खडे काढावयाचे म्हणजे पूर्वी बरगडीखाली वीतभर छेद घ्यावा लागे. आज अर्ध्या ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे पुरतात. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली. पुढे ती जिल्ह्याच्या गावी आली आणि आता अमरावती-अकोल्यास तिचे नवल उरलेले नाही. परंतु या पद्धतीत सर्जनचा हात पोटात जात नाही, तसा त्याचा डोळाही जात नाही. तो पाहतो तो पडदा. म्हणून चित्र अंधुक झाले की कामही अंधुक झालेच, असे समजावे.

हे चित्र पडद्यावर येते कसे? दिव्याचा प्रकाश काचतंतूंच्या केबलमधून पोटात जातो आणि आतील प्रतिबिंब दुर्बिणीच्या नळीतून कॅमेऱ्याकडे परत येते. पूर्वी या नळीत बारीक भिंगे असत व त्यांच्यामध्ये हवा. इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ साली हवेच्या जागी काचेच्या कांड्या योजल्या, आणि चित्र कितीतरी उजळले. तथापि एवढी कुशल रचनाही टोकाच्या काचेवर दव धरले की निरुपयोगी ठरते.

दव का धरते? मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या घरात असला, तरी शस्त्रक्रियागृह २०-२२ अंशांवर ठेवलेले असते. दुर्बिणीची काचही तितकीच गार होते. पोटात मात्र ३७ अंशांची ऊब व भरपूर ओल. गार काच तेथे शिरली की ती ओल तिच्यावर जमते. वाफाळत्या चहाच्या पेल्यावर वाकले म्हणजे चष्म्याचे जे होते, तेच येथे घडते.

कारण कळले की उपाय सोपा आहे. दुर्बिणीचे टोक आत घालण्यापूर्वी थर्मासमधील निर्जंतुक गरम पाण्यात काही वेळ धरावे व कोरडे पुसावे. धुके रोखणारे द्रावण लावल्यास दवाचे थेंब न होता पातळ थर पसरतो आणि पलीकडचे दिसते. पोट फुगविण्यासाठी सोडलेला कार्बन डायऑक्साइड गार व कोरडा असतो. त्याची नळी दुर्बिणीच्या छिद्राला न जोडता दुसऱ्या छिद्राला जोडावी. विजेच्या उपकरणाने ऊतक जाळताना धूर होतो, तो ओढून घ्यावा. साचलेले रक्त प्रकाश गिळते, म्हणून ते धुऊन शोषून काढावे. आरंभी कॅमेऱ्यापुढे पांढरी जाळी धरून रंग जुळवावा, नाहीतर पित्त व रक्त यांचे रंग फसवितात. केबलचे एक टोक उजेडाकडे धरून दुसऱ्या टोकात पाहावे. जितके काळे ठिपके, तितके तंतू तुटलेले.

यात महागडे असे काय आहे? म्हणून आमचे म्हणणे असे की, चित्र बिघडले तर नव्या कॅमेऱ्यासाठी वर्गणी काढण्याआधी काच, केबल आणि थर्मास यांची चौकशी व्हावी. ज्या परिचारिकेच्या हाती हे काम असते, तिचे शिक्षण कॅमेऱ्याइतकेच मोलाचे आहे.

कारण प्रश्न केवळ सुबक चित्राचा नाही. पित्ताशयाची नळी आणि मुख्य पित्तनलिका अगदी जवळजवळ असतात. एकीच्या जागी दुसरी कापली गेली तर रोग्यावर पुन्हा मोठ्या शस्त्रक्रियेची पाळी येते, आणि तिचा त्रास कित्येकदा जन्मभर पुरतो. म्हणूनच पित्ताशयाकडे जाणारी नळी व रोहिणी, या दोनच गोष्टी स्पष्ट दिसल्यावाचून काही कापू नये, असा दंडक १९९५ पासून सांगितला जातो. सगळे उपाय करूनही त्या दिसत नसतील, तर पोट उघडणे हाच शहाणपणा होय. तेव्हा सर्जनने बाहेर येऊन “नीट दिसेना, म्हणून पोट उघडले” असे सांगितले, तर नातेवाइकांनी ते अपयश मानू नये. न दिसताना हात आवरणे हेही कौशल्यच आहे.