पाव मैलाचा हिशेब
कोलाडच्या गॅरेजात तरुण मंडळींचा एकच प्रश्न मी ऐकतो: गाडी आणखी पळवायची कशी? पाव मैल म्हणजे अवघे 402 मीटर. इंजिनावर पैसे ओतण्याआधी पहिले 60 फूट सांभाळा, असे मी सांगतो. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची चाके ओढतात. सुटताना भार मागे सरकतो आणि ती जागीच गरगरतात. म्हणून क्लच बेताने सोडा, डिकीतली स्टेपनी उतरवा. पेट्रोल 30 लिटर कमी म्हणजे सुमारे 22 किलो ओझे कमी.

मात्र हा हिशेब मुंबई-गोवा महामार्गावर मांडू नका. तिथे एसटी थांबते, शाळेची पोरे रस्ता ओलांडतात. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत. बंद रस्ता, घड्याळ आणि रुग्णवाहिका असेल तिथेच वेग शोभतो.