पाटल्या गहाण, गाडी दारात!

नवऱ्याने एखादी गोष्ट संध्याकाळच्या चहाला न काढता रात्री अंथरूण घालताना काढली, की समजावं, प्रकरण पैशाचं आहे. तुम्हालाही हा अनुभव असेलच!

2018 सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. ह्यांची खाजगी नोकरी सुटून तीन महिने झाले होते. मी तासिका तत्त्वावर शाळेत शिकवते. त्या पगारात घरातला किराणा आणि मुलीची फी एवढंच भागायचं. उशी झटकत हे म्हणाले, "अगं, एक इनोव्हा मिळतेय. 2012 ची. बहात्तर हजारच पळालीय."

आमचं भिगवण तुम्हाला ठाऊक असेल ते मासळीसाठी, नाहीतर उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी. पुण्याहून शंभर किलोमीटरवर, सोलापूर रस्त्यावर गाव. पक्षी बघायला माणसं येतात, स्टेशनवर उतरतात, कुंभारगावला, डिकसळला जायला गाडी शोधतात. शिवाय लग्नसराई, पंढरपूर, पुण्याला न्यायचे पेशंट. ह्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. गाडीची किंमत साडेसहा लाख. शिलकीतले दोन लाख साठ हजार, तीन लाख कर्ज, आणि उरलेले नव्वद हजार? ह्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं नाही, पण मला कळलं. आईने लग्नात घातलेल्या चार तोळ्यांच्या दोन पाटल्या पतसंस्थेत सोनेतारण ठेवल्या आणि गाडी दारात आली. सासूबाईंनी ओवाळलं, नारळ फुटला. आईला मात्र मी काही कळवलं नाही.

आईच्या कष्टातून निघालेला माग

गाडी दारात आल्यावर, ही टोयोटा आली तरी कुठून, ते मी वाचायला घेतलं. वाटलं होतं, यंत्रांच्या गोष्टीत आपल्याला काय रस? पण गोष्ट निघाली चक्क मागाची! माझं माहेर सोलापूरचं. आजोबा मागावर, आजी कांड्या भरणारी. धोट्याचा खडखडाट ऐकतच मी मोठी झाले.

जपानमधला साकिची टोयोडा हा 1867 साली जन्मलेला सुताराचा मुलगा. खेड्यात घरोघर बायका हातमागावर बसायच्या, त्याची आईही. तिचे कष्ट पाहून त्याने लाकडी हातमाग सुधारायला घेतला आणि 1891 मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. पुढे त्याने यंत्रमाग केला. त्याच्या मागांची खुबी अशी, की धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. थांबला नाही तर काय होतं, ते विणकराच्या घरात विचारा. गजच्या गज कापड खराब! 1924 सालचा त्याचा स्वयंचलित माग इतका उत्तम होता, की 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले.

साकिचीचा मुलगा किइचिरो याला मोटारींचं वेड. 1933 मध्ये मागाच्याच कारखान्यात त्याने मोटारींचा विभाग उघडला. 1936 मध्ये पहिली मोटार विक्रीला आली, 1937 मध्ये स्वतंत्र कंपनी झाली. आडनाव टोयोडा, मग कंपनी टोयोटा का? जपानी लिपीत 'टोयोटा' लिहायला आठ फटकारे लागतात आणि आठ हा तिकडे शुभ आकडा! शुभ-अशुभ बघणारे काही आपणच नाही.

आणि गंमत पाहा, आपल्या मारुतीची भागीदार सुझुकी हीसुद्धा मुळातली मागवालीच. मिचिओ सुझुकीने हामामात्सुला 1909 साली मागांचाच कारखाना काढला होता.

टोयोटाचे दिवसही काही सगळे सोन्याचे नव्हते. 1950 मध्ये कंपनी बुडायच्या बेतात आली. कामगार कमी करावे लागले, संप झाला आणि किइचिरोने जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. 1952 मध्ये तो वारलाही. पुढे ही कंपनी जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपन्यांत गणली गेली, ते बघायला तो राहिला नाही.

किर्लोस्करांचं बोट धरून

या जपानी गाडीला भारतात आणताना बोट धरलं ते एका मराठी उद्योगघराण्याने. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावला सायकलचं दुकान काढलं. मग कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर आला. 1910 मध्ये औंध संस्थानाच्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली. आपल्या आज्यांनी वाचलेलं 'स्त्री' मासिक 1930 मध्ये सुरू झालं ते याच घराण्यातून.

किर्लोस्कर आणि टोयोडा यांची पहिली जोडी जमली तीही मोटारीसाठी नव्हे, तर 1995 मध्ये कापडाच्या यंत्रांसाठी! 1997 मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर ही कंपनी झाली. बंगळुरूजवळ बिडदीला कारखाना उभा राहिला. त्यामागे होते चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर. नोव्हेंबर 2022 मध्ये ते गेले. आता आपल्याकडेही, छत्रपती संभाजीनगरला, कारखाना काढण्याचा सामंजस्य करार जुलै 2024 मध्ये झाला आहे.

2000 सालच्या जानेवारीत क्वालिस आली. 2005 मध्ये तिची जागा इनोव्हाने घेतली. 2016 मध्ये क्रिस्टा आली, मग पेट्रोल आणि विजेच्या जोडीवर चालणारी हायक्रॉस.

घरोघरचे अनुभव

आमच्या शाळेतल्या एका बाईंकडे जुनी क्वालिस होती. त्या म्हणतात, "दिसायला कपाट, पण कपाटासारखीच टिकली. खड्ड्यात मात्र मागच्या बाकावरचा माणूस छताला भेटून यायचा!" शेजारच्या डॉक्टरीणबाई ग्लान्झा चालवतात. ती मुळात मारुतीची बलेनोच, 2019 पासून टोयोटाच्या नावाने विकली जाते. "आधी हे कळलं असतं तर दोन्हीकडच्या किमती आणि सर्व्हिसचा खर्च नीट ताडून पाहिला असता," असं त्या म्हणतात. त्यांचं म्हणणं लक्षात ठेवण्याजोगं आहे.

आमची इनोव्हा? सासूबाईंचा गुडघा दुमडत नाही, पण मधल्या सीटवर त्या पाय सोडून पंढरपूरपर्यंत सुखाने गेल्या. मागच्यांनाही एसीचा वारा लागतो. सात-आठ माणसं, बॅगा, वर शिदोरीचा डबा, सगळं मावतं. तक्रारी म्हणाल तर बाजाराच्या दिवशी गल्लीतून काढताना घाम फुटतो आणि सुट्या भागांची बिलं पाहिली की पुन्हा घाम फुटतो.

चौफुल्याजवळ गाडी थांबली

जानेवारी 2019. लग्नाचं वऱ्हाड घेऊन हे पुण्याला निघाले आणि चौफुल्याच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघायला लागली. नवरीची मावशी रस्त्याच्या कडेला साडी सावरत उभी! दुसरी गाडी करून वऱ्हाड पोचवलं, भाडं परत दिलं आणि गाडी टोचन करून भिगवणला आणली.

टोयोटाच्या कारखान्यात म्हणे बिघाड झाला की पाच वेळा 'का?' विचारतात. मी रात्री वही घेऊन ह्यांच्यासमोर बसले. गाडी का थांबली? इंजिन तापलं म्हणून. का तापलं? पाणी गेलं. पाणी का गेलं? रबरी पाइप फुटला. का फुटला? जुना होऊन कडक झाला होता. मग बदलला का नाही? हे गप्प झाले. मीटरवर तर बहात्तर हजारच होते, म्हणून बदलला नाही!

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमधून गाडीची जुनी नोंद काढली. आमच्या खरेदीच्या वर्षभर आधीच गाडी दोन लाख चौदा हजार पळालेली होती. मीटर मागे फिरवलेला! सहा वर्षं टुरिस्टमध्ये असलेली गाडी बहात्तर हजारांवर कशी असेल, हा साधा त्रैराशिकाचा हिशेब. मी पोरांना शिकवते तो. पण पाटल्या उतरवताना सुचला नाही!

एजंटाकडे गेलो. "मला पण अशीच मिळाली," म्हणून त्याने हात झटकले. आमच्याकडे किलोमीटरचं काही लेखी नव्हतं. उलट त्यानेच सल्ला दिला, "रंग मारून विकून टाका. पुढच्याला कशाला सांगता?"

मैत्रिणींनो, खरं सांगते, त्या रात्री मलाही तो सल्ला पटला होता. तीन लाखांचे हप्ते, पतसंस्थेचं व्याज, मुलीचं पुढचं शिक्षण. दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळं व्हावं असंच वाटत होतं. हे म्हणाले, "आपल्यासारखाच कुणीतरी बायकोच्या पाटल्या मोडून घेईल." मग मात्र माझ्याच्याने पुढे बोलवेना.

सोलापूरला आईला फोन केला आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं, रागावेल. ती एवढंच म्हणाली, "धागा तुटल्यावर माग चालू ठेवू नये गं. थांबव आणि गाठ मार." जपानी पुस्तकातलं तत्त्व माझ्या आईला कुणी शिकवलं होतं?

पतसंस्थेचे पैसे थोडे भरून एक पाटली सोडवली आणि ती मोडली. त्यातून पाइप, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, सस्पेन्शनची रबरं असं सगळं एकदम केलं. त्या दिवसापासून डॅशबोर्डमध्ये एक दोनशे पानी वही ठेवली. पहिल्या पानावर मी स्वतः लिहिलं, 'मीटरवर विश्वास ठेवू नये, गाडी जास्त पळालेली आहे.' पुढे प्रत्येक ऑइल, प्रत्येक टायर, तारीख आणि किलोमीटरसकट. मग मात्र गाडीने दगा दिला नाही. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पर्यटक बंद झाले, हप्ते थकायला आले. तेव्हा पास काढून डायलिसिसच्या पेशंटना पुण्याला ने-आण करून तिनेच घर चालवलं. 2022 मध्ये दुसरी पाटली घरी आली.

2023 मध्ये गाडी विकली. घेणाऱ्या शेतकरी कुटुंबाला आधी वही दाखवली, मग गाडी. वीस हजार कमी आले. पण त्यांच्या सूनबाईंचा अजून फोन येतो, वहीचं पुढचं पान भरलं म्हणून सांगायला!

मोठ्यांच्याही चुका

कंपन्याही काही देव नाहीत. 2009 मध्ये अमेरिकेत चालकाच्या पायाखालची चटई ॲक्सिलरेटरमध्ये अडकून भीषण अपघात झाला. काही गाड्यांत ॲक्सिलरेटरच अडकून राहायचा. टोयोटाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. फेब्रुवारी 2010 मध्ये संस्थापकाचे नातू अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेपुढे माफी मागितली. ग्राहकांपासून माहिती दडवल्याबद्दल 2014 मध्ये कंपनीने 120 कोटी डॉलरचा दंड भरला. धागा तुटल्यावर माग थांबवणाऱ्याच्या घरातही असं घडलं! दडवलेली चूक महागात पडते, मग ती मीटरची असो की मोठ्या कंपनीची.

जुनी गाडी घेताना

• मीटर पाहू नका, सर्व्हिसची नोंद मागा. किलोमीटर विक्रीच्या करारावर लिहून घ्या, सही घ्या.

• ब्रेकचं पेडल, स्टिअरिंगचं कव्हर, चालकाची सीट पाहा. मीटर सत्तर हजार दाखवतो आणि पेडलचं रबर गुळगुळीत, तर समजून जा.

• एजंटाचा नव्हे, आपल्या ओळखीचा मेकॅनिक सोबत न्या. त्याची मजुरी वाचवू नका.

• आरसी बुकावर कर्जाचा बोजा आहे का ते पाहा. असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 घ्या. नावावर करण्यासाठी फॉर्म 29 आणि 30 वर सह्या घ्या. विम्यावरचं नावही बदला.

• रबरी पाइप, बेल्ट आणि टायर वयानेही जुने होतात. किलोमीटर कमी म्हणून त्यांना विसरू नका.

• चालकाच्या पायाखाली हौसेने दुसरी चटई, सतरंजीचा तुकडा अंथरू नका. पाण्याची बाटलीही तिथे घरंगळू देऊ नका. पेडलखाली अडकली तर ब्रेक लागणार नाही.

• मागच्या सीटवरही पट्टा लावा. साडी चुरगळते, हे मान्य! इस्त्री करता येते.

• आणि सगळ्यांत महत्त्वाचं, दागिना गहाण टाकायचा असेल तर व्यवहाराच्या वेळी स्वतः हजर राहा. कागद वाचा, हिशेब मांडा, शंका आली तर तिथेच 'का?' विचारा. ते विचारायला लाजू नका.

माझ्या हातात आता एकच पाटली आहे. दुसरी कुठे गेली म्हणून मुलगी कधीमधी विचारते. मी तिला लपवून ठेवत नाही, सगळी गोष्ट सांगते. यंदा ती गाडी शिकायला निघाली आहे. पहिल्याच दिवशी तिने मला काय मागावं? एक दोनशे पानी वही!