संगरोध टाकीतील समुद्र

लखनौ शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, गोमतीच्या काठी वसलेले आहे. तरीही माशांच्या रोगांवर देखरेख ठेवण्याच्या कामाची बरीच सूत्रे याच शहरातून हलतात. राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था १९८३ साली अलाहाबाद येथे स्थापन झाली व १९९९ साली लखनौला आली. परदेशी माशांच्या आगमनाने उद्भवणाऱ्या धोक्यांचा ती अभ्यास करते. जलचरांच्या रोगांचा माग ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तेव्हा त्याचे सूत्रसंचालनही तिच्याकडेच सोपविण्यात आले. माशाबरोबर त्याचा रोगही प्रवास करतो, हे भारताने १९८८ साली अनुभवले होते. त्या वर्षी माशांचा साथीचा व्रणरोग बांगलादेशातून ईशान्य भारतात शिरला आणि पुढील काही वर्षांत देशातील अनेक तळ्यांत पसरला.

नव्या माशाला काही आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवणे, यालाच संगरोध किंवा क्वारंटाइन म्हणतात. कल्पना सोपी आहे; अडचण आहे ती टाकीतील पाण्याची. ही टाकी लहान असते, बहुधा ऐनवेळी मांडलेली असते, आणि तिच्यात औषधेही टाकावी लागतात. त्यामुळे ज्या रोगाच्या भीतीने मासा वेगळा ठेवला, तो रोग प्रकट होण्यापूर्वीच मासा पाण्यामुळे दगावतो, असे पुष्कळदा घडते.

लखनौसारख्या ठिकाणी समुद्राचे पाणी प्रथम तयारच करावे लागते. बाजारातील मीठ पाण्यात विरघळविले की समुद्र झाला, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. चॅलेंजर या जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाणी गोळा केले. त्यातील ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार यांनी केलेले पृथक्करण १८८४ साली प्रसिद्ध झाले. पाणी कोणत्याही महासागरातील असो, त्यातील प्रमुख क्षारांचे परस्परांशी असलेले प्रमाण जवळजवळ कायम राहते, हे त्यावरून सिद्ध झाले. या क्षारांत सोडियम व क्लोराइड यांचा वाटा सुमारे ८५ टक्के असतो. उरलेल्या पंधरा टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेट येतात, व माशाचे शरीर त्यांनाही सरावलेले असते. म्हणून खास बनविलेले समुद्री क्षारमिश्रण वापरावे. एक किलोग्रॅम समुद्रजलात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने नाहीसा करून मग मिश्रण घालावे, आणि एक दिवस हवा सोडून ते ढवळत ठेवावे.

जून महिन्यात लू वाहू लागली की या पाण्याची दुहेरी परीक्षा होते. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. तेव्हा घटलेली पातळी भरून काढण्यासाठी गोडे पाणीच ओतावे; खारे ओतले तर दिवसागणिक पाणी अधिक खारट होत जाते. काचेवर पातळीची एक खूण करून ठेवली, तर ही चूक सहसा होत नाही. दुसरी गोष्ट प्राणवायूची. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात मात्र ६.८ मिलिग्रॅमच्या आसपास. उष्णता वाढली की तोही घटतो. वीज गेली आणि हवेचा पंप थांबला, तर मासा थोड्याच वेळात पृष्ठभागाशी येऊन कल्ले भराभर हलवू लागतो. हिवाळ्यात याउलट पाणी तापवावे लागते.

खरा शत्रू मात्र अमोनिया होय, आणि त्याचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. ४० टक्के प्रथिने असलेले एक ग्रॅम खाद्य टाकीत पडले, की माशाच्या चयापचयातून सुमारे ३७ मिलिग्रॅम नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने बाहेर पडतो. टाकी १०० लिटरची असेल, तर दररोज लिटरमागे ०.३७ मिलिग्रॅमची भर पडली. या अमोनियाची दोन रूपे असतात. आयनरूप बरेचसे निरुपद्रवी. मुक्त रूप मात्र कल्ल्यांतून आत शिरून माशाला विषबाधा करते. सामू ७ असताना मुक्त रूपाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. समुद्रजलाचा सामू ८.२ च्या सुमारास, म्हणून तेथे हाच वाटा सहा-सात टक्क्यांपर्यंत जातो. गोड्या पाण्यातील मासा जेवढा अमोनिया सोसतो, तेवढ्याने समुद्रातील मासा मरतो, याचे एक कारण हेच.

रोज निम्मे पाणी बदलले तर? रोजची भर सुरूच असल्यामुळे बदलापूर्वीची पातळी चढत चढत ०.७४ पर्यंत पोहोचते व तेथे स्थिरावते. त्यातील मुक्त अमोनिया सुमारे ०.०५ होतो. ०.०२ ही सामान्यतः सुरक्षित मानली जाणारी मर्यादा तेव्हा ओलांडलेलीच असते. म्हणून केवळ पाणी बदलून भागत नाही. अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू टाकीत हवेत. ते आयत्या वेळी मिळत नाहीत, वाढायला काही आठवडे घेतात. जाणते मत्स्यपालक स्पंजाची एक जादा गाळणी निरोगी टाकीत कायम फिरती ठेवतात, आणि नवा मासा आला की तीच उचलून संगरोध टाकीत लावतात. खाद्यही बेताने द्यावे. उरलेला कण अर्ध्या तासात काढून टाकावा.

औषध आले की हा सारा तोल पुन्हा ढळतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग घडविणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी तांब्याने मरतो, आणि मोरचुदापासून केलेली औषधे त्यासाठी फार काळ वापरात आहेत. परंतु तांब्याची उपयुक्त मात्रा लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढ्या अरुंद पट्ट्यात बसते. खाली गेली तर परजीवी वाचतो, वर गेली तर मासा संकटात येतो. प्रवाळाचा किंवा शिंपल्यांचा चुरा हे तांबे शोषून घेतो, तेव्हा अशा टाकीचा तळ मोकळा ठेवतात आणि लपण्यासाठी प्लास्टिकच्या नळीचे तुकडे देतात. तांब्याने उपयुक्त जीवाणूंचेही काम मंदावते; प्रतिजैविके तर त्यांना सरळ मारू शकतात. औषधाच्या दिवसांत अमोनियाचे मापन रोज करायचे ते यासाठी. शिवाय बदललेल्या पाण्याबरोबर जेवढे औषध गेले, तेवढेच नव्या पाण्यात मोजून घालावे लागते.

औषधाविना एक मार्ग आहे, व तो परजीवीच्या जीवनक्रमावर आधारलेला आहे. माशाच्या अंगावर पोसलेला परजीवी गळून पडतो, तळाशी कोशात जातो आणि बहुधा तीन दिवसांनंतरच नवी पिल्ले सोडू लागतो. मासा दर तीन दिवसांनी, ७२ तास उलटण्यापूर्वी, नव्या पाण्याच्या कोरड्या करून घेतलेल्या टाकीत हलविला आणि असे चार वेळा केले, तर कोश मागेच राहतात. साचलेला अमोनियाही त्यांच्याबरोबर मागे पडतो. मात्र दोन्ही टाक्यांतील क्षारता व तापमान जुळलेले असावे, आणि जाळी, बादली, स्पंज यांपैकी काहीही जुन्या टाकीतून नव्या टाकीत जाता कामा नये. पांढऱ्या ठिपक्यांसाठी ही रीत चांगली. इतर रोगांसाठी निरीक्षणाचा काळ लागतोच.

शेवटी उरते ते वापरलेले पाणी. ते गोमतीत किंवा तिला मिळणाऱ्या नाल्यात तसेच सोडू नये. ब्लीचिंग पावडर घालून एक दिवस ठेवले तर बहुतेक जंतू नष्ट होतात. तांबे मात्र त्याने जात नाही. ते आधी सक्रिय कोळशातून पाणी फिरवून काढावे लागते, आणि मग तो कोळसा पुन्हा कोणत्याही टाकीत वापरता येत नाही.